दुसऱ्याच्या पाठीची सॅक

एखाद्याने वापरून टाकलेली वस्तू विकत घेऊन घरात आणण्याचा जो संकोच आपल्या मध्यमवर्गीयांना एकेकाळी वाटत असे, तो आता पुष्कळसा ओसरला आहे. जुनी पुस्तके तर आपण अभिमानाने मिरवतोच, पण जुनी सायकल, जुने शिसवी कपाट, जुना कॅमेरा यांचेही कौतुक आल्यागेल्याला सांगतो. या वस्तूंचा एक मोठा गुण असा, की मालक बदलला म्हणून त्यांच्या प्रकृतीत काही फेरफार करावा लागत नाही. कपाट पूर्वीच्या मालकाच्या भिंतीशी जसे उभे होते तसेच ते आपल्याही भिंतीशी उभे राहते. डोंगर चढणाऱ्याच्या पाठीवरची मोठी सॅक मात्र या वर्गात मोडत नाही. तिच्या पाठीची उंची, पट्ट्यांची लांबी, आतल्या सळयांचा बाक हे सारे कोणा एका देहाच्या मापाने ठरलेले असते, आणि तो देह आपल्या ओळखीचा तर नसतोच, बहुधा आपल्या देशाचाही नसतो. जमिनीच्या व्यवहारात खरेदीखत होऊन सातबाऱ्यावर नाव चढले तरी जुन्या कुळाची वहिवाट मोडायला जसा काळ जातो, तसा तो येथेही जातो.

पुण्याचा जुना बाजार दर बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेच्या अंगाला भरतो. पितळी समया, मोटारींचे सुटे भाग, कुलपांवाचून किल्ल्या आणि किल्ल्यांवाचून कुलपे यांच्या पसाऱ्यात अधूनमधून एखादी परदेशी बनावटीची सॅकही तेथे दृष्टीस पडते. ती तेथवर कशी पोहोचली याचा छडा लावणे व्यर्थ होय. कोणी शिक्षण संपवून मायदेशी परतलेला विद्यार्थी ती मागे ठेवून गेलेला असतो. कोणी हिमालयाची मोहीम आटोपल्यावर विमानाच्या वजनाचे पैसे वाचवण्यासाठी ती फुंकून टाकलेली असते. काठमांडूच्या ठमेल भागात तर गिर्यारोहणाच्या जुन्या साहित्याची दुकानेच्या दुकाने आहेत. माझ्या वाट्याला आलेल्या सॅकवर ‘६५+१५’ असा आकडा होता, म्हणजे पोटात पासष्ट लिटर आणि गळा वर ओढला की आणखी पंधरा. “फॉरेनचा माल आहे काका, दोन्ही हातांनी ओढून बघा,” असे विक्रेत्याने बजावले, आणि मी ओढून पाहिले. कापड खरोखरच फाटणारे नव्हते. घासाघीस यथासांग झाली आणि नव्या सॅकच्या किमतीच्या जेमतेम अष्टमांशात व्यवहार मिटला.

घरी आल्यावर ती जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून त्यांवर पालथी घातली आणि तिचा रीतसर पंचनामा मांडला. अशा वेळी पहिले काम मोजण्याचे नसून वाचण्याचे असते. नायलॉनच्या नवारीवर जेथे बक्कल वर्षानुवर्षे एकाच जागी बसलेले असते, तेथे एक आडवी, किंचित तुळतुळीत घडी पडते. बक्कलाच्या आड दडलेला भाग मूळच्या काळ्या रंगाचा राहतो, आणि पुढे लोंबणारे शेपूट उन्हाने उडून राखी होते. ही घडी म्हणजे पूर्वीच्या मालकाने नकळत करून ठेवलेली नोंद होय. माझ्या सॅकच्या कंबरपट्ट्यावर घडीच्या पुढे टीचभरच शेपूट उरले होते, म्हणजे गृहस्थ कंबरेने भक्कम असावा. पाठीचे गादीपट सर्वांत वरच्या खुणेवर नेऊन बसवलेले होते, म्हणजे धडाने उंच. उजव्या खांद्याच्या पट्ट्यावरची घडी डाव्यापेक्षा चांगली बोटभर पुढे होती. एका खांद्यावर ओझे अधिक घेण्याची त्याची खोड असावी, किंवा तो खांदाच दुखरा असावा. नाव, गाव, धंदा यांपैकी काहीही ठाऊक नसलेल्या माणसाची शरीरयष्टी अशी चार पट्ट्यांवरून उलगडत जाणे हा एक विलक्षण आनंद आहे, आणि नव्या सॅकच्या खरेदीत तो मिळत नाही.

इतक्या पट्ट्या असतात तरी कशासाठी, हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने जुनी सॅक घेण्याच्या भानगडीत पडू नये. आमच्या पिढीने लष्करी निकालातली कॅनव्हासची हॅवरसॅक खांद्याला लावून गड पाहिले. तिला दोन पट्टे असत आणि सारे ओझे त्या दोन पट्ट्यांवाटे खांद्यांत उतरे. नॉर्वेच्या ओले बर्गन याने पाठीच्या वळणाची चौकट पिशवीला जोडून १९०९ साली तिचे पेटंट मिळवले, आणि ब्रिटिश सैन्यात पाठीवरच्या मोठ्या पिशवीला त्याचेच नाव रूढ होऊन बसले. पुढे १९५२ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या डिक केल्टी याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट घडवली, तिच्या पिशव्या त्याच्या पत्नीने घरीच शिवल्या, आणि त्या चौकटीला त्याने कंबरेचा पट्टा जोडला. एका सहलीत चौकटीची खालची टोके पँटच्या मागच्या खिशांत खोचताच खांदे एकदम हलके झाल्याचा अनुभव आला आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्यानंतर १९६७ साली ग्रेग लो याने ती चौकट बाहेरून काढून पिशवीच्या आत, पाठीलगत लपवली. आज आपण दुकानात जी सॅक पाहतो ती या शेवटच्या घराण्यातली. तात्पर्य एवढेच, की ओझे खांद्यांनी वाहायचे नसून कंबरेच्या हाडांनी वाहायचे, आणि खांदेपट्ट्यांनी ते पाठीशी नुसते धरून ठेवायचे. डोक्यावर चुंबळ ठेवून हंडे वाहणाऱ्या आपल्या बायकांना आणि कपाळावर नाम्लोचा पट्टा घेऊन पाठीवर डोकोची टोपली वाहणाऱ्या नेपाळी भारवाहकांना भार खांद्यांवरून काढून कण्यावर सोपवण्याची ही युक्ती कोणत्याही पेटंटाच्या आधीपासून ठाऊक आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मापाचा विषय यातूनच निघतो. सॅक घेताना लोक लिटर विचारतात. विचारायला हवी ती पाठीची लांबी. मान पुढे झुकवली असता मानेच्या मुळाशी जो मणका बोटाला सर्वांत उठून लागतो, तेथे टेपेचे एक टोक धरावे. दोन्ही हात कंबरेवर असे ठेवावे की अंगठे पाठीमागे एकमेकांसमोर येतील आणि तळहात कंबरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर विसावतील. त्या दोन अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप आली की जे अंतर भरते ते आपले माप. माणसाच्या एकंदर उंचीशी त्याचा संबंध पुष्कळदा लागत नाही. उंच माणसाचे पाय लांब आणि धड आखूड असू शकते, त्यामुळे सहाफुटी माणसाला मध्यम सॅक चपखल बसते आणि त्याच्या बुटक्या मित्राला मोठी लागते. हे माप घेण्यासाठी दुसरा माणूस लागतो. मी माझ्या भाचीला बोलावले. ती उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचा अभ्यासक्रम पुरा करून आलेली असल्यामुळे या बाबतीत तिचा शब्द घरात अखेरचा मानला जातो.

“मामा, ताठ उभे राहा, पोट आत घेऊ नका,” असा पहिला हुकूम सुटला, आणि भरलेले माप पूर्वीच्या मालकाच्या खुणेपेक्षा चांगले चार बोटे कमी निघाले. गादीपट खाली आणणे भाग होते. ते वेल्क्रोच्या रुंद पट्टीने इतके घट्ट धरलेले होते की नुसत्या हाताने सुटेना. तेव्हा भाचीने पोलादी फूटपट्टी वरून त्या दोन थरांमध्ये सरकवली, चर्रर्र असा लांब आवाज झाला, आणि वर्षानुवर्षे न हललेले ते पट पट्टीच्या आधाराने मोकळे होऊन मुकाट्याने खाली आले. त्या फटीतून वाळूचे चमकणारे बारीक कण, दोन काटक्या आणि कसल्याशा वाळक्या गवताचे तुसे बाहेर पडले. सह्याद्रीतले ते गवत खचित नव्हते.

सळयांचे काम अधिक नाजूक. पाठीच्या बाजूला आत दोन उभ्या खोबणी असतात आणि त्यांत ॲल्युमिनियमच्या दोन चपट्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्या बाहेर ओढून काढता येतात ही गोष्ट कित्येक वर्षे सॅक वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसते, आणि त्या पाठीप्रमाणे वाकवायच्या असतात ही तर त्याहून थोड्यांना. माझ्या सॅकमधल्या पट्ट्यांना पूर्वीच्या मालकाच्या कण्याचा बाक होता. खाली खोल आणि वर जवळजवळ सरळ. त्या माझ्या पाठीला लावून पाहिल्या तेव्हा मध्ये चांगली मूठ शिरेल एवढी पोकळी राहिली. टेबलाच्या गोल कडेवर ठेवून, थोडे दाबायचे, पाठीला लावायचे, पुन्हा थोडे दाबायचे, असे सावकाश करत गेले की बाक जुळतो. घाई करून एकाच जागी पुढेमागे वाकवत बसल्यास ॲल्युमिनियम थकते आणि त्या जागी मोडते.

आता अस्तराविषयी. जुन्या सॅकचे खरे दुखणे बाहेर दिसत नाही. कापडाच्या आतल्या अंगावर पाणी अडवण्यासाठी पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेला असतो, आणि हवेतल्या दमटपणाने तो वर्षानुवर्षे विघटित होत जातो. प्रथम आंबूस वास येतो, मग हाताला चिकटा लागतो, आणि अखेर पांढरे पापुद्रे सुटून कपड्यांना डकतात. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या बंद कपाटात ही क्रिया विशेष वेगाने होते. म्हणून सॅक घेताना नाक आत घालून वास घ्यावा आणि तळव्याने अस्तर चाचपावे. विक्रेता हसला तर हसू द्यावे. कापडाच्या जाडीवर मात्र फार भिस्त ठेवू नये. नऊ हजार मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. हा आकडा मोठा असला की कापड जाड, एवढेच त्यावरून कळते, लेपाची अवस्था कळत नाही. माझ्या सॅकच्या तळाचा लेप गेला होता, बाकीचा शाबूत होता. कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश यांनी ती हाताने धुतली, तळाचे पापुद्रे स्पिरिट लावलेल्या फडक्याने खरवडून काढले, आणि सावलीत उलटी टांगून चांगली दोन दिवस वाळवली. धुण्याच्या यंत्रात अशी सॅक घालणाऱ्याने तिच्या उरल्यासुरल्या लेपाचे तेरावे आधीच उरकून घ्यावे.

नवा लेप देण्याचा खटाटोप मी केला नाही, आणि सह्याद्रीच्या पावसात भटकणाऱ्या कोणी तो करावा असेही मला वाटत नाही. आपल्याकडचा पाऊस वरून येतो, बाजूने येतो आणि कोकणकड्यासारख्या ठिकाणी वाऱ्याच्या जोराने खालूनही येतो. शिलाईच्या भोकांतून, चेनच्या दातांतून तो शिरतोच. वर घातलेले आच्छादनही तळाशी पाणी साठवून सॅक त्यातच बुडवून ठेवते. त्यापेक्षा खताच्या गोणीच्या आत असते तसली जाड प्लास्टिकची पिशवी सॅकच्या आत घालावी, तिच्यात कोरडे कपडे व अंथरूण भरावे आणि तोंडाला पीळ देऊन ते दुमडून बांधावे. सॅक भिजली तर भिजो.

दुरुस्तीसाठी मी शहराच्या मध्यवस्तीत एका बोळाच्या तोंडाशी बसणाऱ्या बॅगवाल्याकडे गेलो. त्याच्या यंत्रावर शाळेच्या दप्तरांपासून लष्करी होल्डॉलपर्यंत सर्व काही शिवले जाते. खालच्या कप्प्याची चेन लागत नव्हती, मी ती बदलण्याची भाषा करताच त्याने दात नखाने तपासले आणि म्हणाला, “चेन कशाला बदलता साहेब? दात शाबूत आहेत, रनर ढिला झालाय.” चेन मिटत नाही तेव्हा दोष बहुधा दातांचा नसतो, रनरचे दोन ओठ झिजून फाकतात आणि दातांना एकमेकांत पुरेसे दाबू शकत नाहीत. त्याने रनर पालथा करून पाठीवरचा आकडा वाचला. १९३४ साली जपानात तादाओ योशिदा यांनी काढलेल्या वायकेके या कारखान्याची तीन अक्षरे जगातल्या असंख्य पाटलोणींवर आढळतात. तशाच रनरच्या पाठीवर चेनच्या मापाचा ५, ८, १० असा एक अंकही असतो, आणि तो ठाऊक असला की नवा रनर नेमका मागता येतो. माझ्या बाबतीत तोही लागला नाही. पकडीने त्याने रनरची एक बाजू हलकेच दाबली, मग दुसरी, मेणबत्तीचा तुकडा दातांवरून फिरवला, आणि चेन मिटली. या कामाचे त्याने जे पैसे सांगितले त्यांत चहासुद्धा येत नाही.

कंबरपट्ट्याचे बक्कल मात्र एका बाजूने तडकले होते. बक्कलाचे माप म्हणजे त्यातून जाणाऱ्या नवारीची रुंदी, आणि बाजारात ते अजून इंचांतच मागायचे असते: पाऊण इंची, एक इंची, दीड इंची, दोन इंची. परदेशी लेबलांवर २०, २५, ३८, ५० मिलिमीटर असे जे लिहिलेले असते ते हेच. नवार कापून बक्कल ओवायचे, टोक दुमडून चौकोन शिवायचा आणि चौकोनात फुली मारायची; दोरा सुती असता कामा नये, कारण पावसात सूत कुजते आणि नायलॉन टिकते. बॅगवाल्याने हे सर्व मला न विचारताच जाणले होते. कापलेल्या टोकाला ज्योत दाखवून ते वितळवून टाकले, जेणेकरून नवार उसवणार नाही. नव्या बक्कलाचा रंग जुन्याशी जुळत नाही. त्याचे मला काही वाटत नाही.

उरला प्रश्न त्या अनेक लोंबत्या बंदांचा. तळाशी दोन फासे होते, बर्फाची कुऱ्हाड अडकवण्यासाठी. पाठीमागे जाड रबरी कापडाचा एक तुकडा शिवलेला होता, बुटांना बांधायच्या खिळ्यांनी सॅक फाटू नये म्हणून. झाकणाखाली दोर धरून ठेवणारा आडवा पट्टा होता. आत पाण्याच्या पिशवीसाठी एक उभा कप्पा आणि तिची नळी बाहेर येण्यासाठी खांद्याजवळ एक चीर होती. आमच्या राजगडावर बर्फ पडत नाही. कारवीच्या दाट जाळीतून वाट काढताना मात्र असा प्रत्येक लोंबता फासा फांदीत अडकून माणसाला मागे खेचतो. म्हणून मी कात्री हातात घेतली आणि भाचीने ती काढून घेतली. तिचे म्हणणे असे, की सॅक पूर्ण भारानिशी वापरल्यावाचून तिचा एकही बंद कापू नये. ज्या पट्ट्या आज जास्त वाटतात त्या थंडीत जाडजूड कपड्यांवर कमी पडतात. तिचा हा सिद्धांत मला पूर्णपणे मान्य आहे. लांब शेपटे गुंडाळून त्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेली रबरे घातली. कुऱ्हाडीच्या फाशात आता माझी चढणीची काठी बसते. छातीपट्टीच्या बक्कलाला एका अंगाने पन्हाळीसारखी चीर होती आणि ती कशासाठी हे मला उमगत नव्हते. भाचीने ती ओठांना लावून फुंकली, तेव्हा शेजारच्या वाड्यातला कुत्रा भुंकू लागला. शिट्टी होती ती.

झाकण मी काढून ठेवले आहे. हा माझा स्वतःचा निर्णय असून भाचीला तो पसंत नाही. उंच भरलेल्या सॅकचे झाकण डोक्याच्या मागे येते, आणि कळसूबाईच्या किंवा रतनगडाच्या लोखंडी शिडीवर वरची पायरी पाहण्यासाठी मान उचलावी तर डोके झाकणावर आपटते. परदेशातल्या डोंगरांत लांबच लांब, सौम्य चढाच्या वाटांवरून आठ-दहा दिवसांचे सामान न्यायचे असते, तेथे हे झाकण उपकारक ठरत असेल. दोन दिवसांच्या गडासाठी ते अडचणच करते. किंबहुना पासष्ट लिटर हेच आपल्या गडांना जास्त होतात. रिकामी जागा दिसली की माणूस तिच्यात काहीतरी कोंबतो, आणि ते काहीतरी मग शिडीवर आठवते. यावर उपाय बाजूच्या आवळपट्ट्यांचा: अर्धी सॅक भरावी आणि बाजूने ती इतकी आवळावी की आतले सामान पाठीला चिकटून राहील.

पर्वतीच्या पायऱ्यांवर तिची परीक्षा घेतली. पाण्याने भरलेल्या बाटल्या पाठीलगत मध्यभागी, खाली अंथरूण, वर हलके कपडे असे भरून, प्रथम सर्व पट्टे सैल केले. मग कंबरपट्टा हाडांच्या कडेवर आणून आवळला, त्यानंतर खांदेपट्टे ओढले, त्यानंतर खांद्यांच्या वरून सॅकच्या माथ्याकडे जाणाऱ्या दोन लहान पट्ट्या, आणि सर्वांत शेवटी छातीपट्टी. हा क्रम उलटला की भार खांद्यांवर जातो आणि पुढचे सारे आवळणे व्यर्थ होते. चांगल्या बसलेल्या सॅकमध्ये खांदेपट्ट्याखाली बोट सहज सरकते, माझे सरकले. उजवीकडचा पट्टा मात्र जरा सैल वाटला, तो पूर्वीच्या मालकाच्या घडीपाशी आपण होऊन घसरत होता. नवारीला तेथे इतका गुळगुळीतपणा आला आहे की बक्कल पुढे धरत नाही. तेवढा तुकडा आता बदलायचा आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या पोटमाळ्यावर अशी एखादी सॅक घडी घालून, दोरीने बांधून वर्षानुवर्षे पडून असेल, त्यांना माझी विनंती अशी, की यंदाच्या पावसाळ्याआधी ती खाली उतरवावी. पत्र्याखालच्या उकाड्याने आणि दमट हवेने तिचे अस्तर वापरापेक्षाही लवकर नासते, आणि गादीतला फोम घडीच्या जागी मोडतो. गुडघ्यांनी रजा मागितली असल्यास ती आळीतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला देऊन टाकावी, आणि देताना आतल्या दोन सळया, झाकण आणि सुटे बंद आठवणीने सोबत द्यावेत. त्या सॅकच्या मापाचे ते जिन्नस जुन्या बाजारातसुद्धा मिळत नाहीत.